खडखडणारा पंखा

लोणावळ्यातल्या आमच्या वाचनमंडळात खुर्च्या, चहा, पुढचं पुस्तक हे सगळं माझ्याकडे असतं. पंखा मात्र मंडळातल्या एका बाईकडे. वलवणहून ती सगळ्यांआधी येते आणि तो खडखडणारा पंखा बंद करते, कारण तो चालू असला की चर्चा चालवणाऱ्या सरांना ऐकू येत नाही. मग घामाघूम होऊन, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसते. आपण ऑटिस्टिक आहोत, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

परवा चर्चेला ऑटिस्टिक मुलाच्या तोंडून सांगितलेली एक कादंबरी होती. मुलगा गणितात हुशार, भावनांनी कोरडा. सर खूश.

"अगदी अस्सल! अशा लोकांना दुसऱ्याचं काही जाणवतच नाही."

"मला जाणवतं, सर," ती म्हणाली. "आणि गणितात मी नापास व्हायचे."

सगळे हसले.

"ताई, तुम्ही अपवाद. लेखकाने अभ्यास केलाय."

"मग मलाही विचारा ना. मी इथेच बसलेय."

"आधी पुस्तकाबद्दल बोलू."

कागदावरचा मुलगा खरा आणि समोरची बाई अपवाद! माझं डोकं सणकलं. ती मात्र उठली, पंखा पूर्ण वेगात लावला आणि जागेवर येऊन बसली.

"काय? कोण काय म्हणतंय?" सर कानामागे हात धरून विचारत राहिले.

बटण माझ्या हाताशी होतं. मी चहा ओतत राहिले.