देगेला कड्या लावल्या तो शुक्रवार

कुवेतात आमच्या नात्यातलं पहिलं लग्न माझ्या पुतणीचं ठरलं. तिचे वडील माझे थोरले दीर. आम्ही सगळे त्यांना भाईजान म्हणायचो. शुवैखच्या बंदरात ते मुकादम होते. तिथे त्यांच्या एका हाकेला माणसं उभी राहायची, आणि घरीही तसंच चालायचं.

मुलाकडच्यांपुढे बिर्याणीची देग, म्हणजे ते मोठं भांडं, भाड्याचं मांडायचं नाही, असा त्यांचा हट्ट. म्हणून त्यांनी भंगारातून दुधाची स्टेनलेसची टाकी आणली, वरून कापून घेतली आणि सालमियातल्या आमच्या अंगणात ठेवून म्हणाले, "ही देग. नुसत्या कड्या लावायच्या राहिल्यात." कड्या साध्या लोखंडाच्या होत्या, पण अशा जाड की त्यांना जहाज बांधावं.

आमचे हे वेल्डर. शुक्रवारी मालकाला विचारून त्यांनी वर्कशॉपचं मशीन पिकअपमधून घरी आणलं. रॉड मात्र आधीपासून घरातच होते, माझ्या ओव्हनमध्ये. समुद्राच्या हवेने रॉड सर्दावतात आणि वेल्डिंगला भोकं पडतात, म्हणून त्यांना ऊब लागते. नानखटाईचं ताट कधीचं बाहेर ताटकळत होतं.

यांनी पंचवीस-बारा म्हणतात ते रॉड काढले. स्टेनलेसला लोखंड जोडायला तेच लागतात.

"हा कोणाकडचा?" भाईजानांनी विचारलं. "लोखंडाकडचा की स्टेनलेसकडचा?"

"तसा स्टेनलेसच्याच जातीचा, पण जास्त दमाचा. मध्ये घालायला."

"मध्ये तिऱ्हाईत नको. कडी लोखंडाची, रॉडही लोखंडाचा. घरचं घरात."

थोरल्या भावाला उलट बोलायची आमच्यात रीत नव्हती. हे "जी" म्हणाले, लोखंडाचा रॉड लावला आणि आधीच बाजूला सरकून उभे राहिले. वेल्ड थंड होता होता टक् आवाज झाला आणि कडी खाली पडली.

"देग रुसली," भाईजान म्हणाले. "मोठ्या घरची आहे ती. तिचा मान आधी. आता स्टेनलेसचा लाव."

हे पुन्हा "जी" म्हणाले आणि नेहमीचा स्टेनलेसचा रॉड लावला. या खेपेला कड्या टिकल्या. वजन पेलतं का बघायला देगेत पाणी भरलं, कड्यांत बांबू घातले, चार शेजाऱ्यांनी उचललं आणि कडी सुटली. टँकरचं विकतचं पाणी भाईजानांच्या बायकोने, आमच्या भाभीने, वाळत घातलेल्या मसाल्यात शिरलं.

हे हात धुवायला आत आले तेव्हा मी कारण विचारलं. म्हणाले, "रॉड वितळला की दोन्हीकडचं त्यात मिसळतं. लोखंड मिसळून तो हलका पडतो. पंचवीस-बारात मुळातच इतकं भरलेलं असतं, की हलका पडूनही पुरतो."

हे मला कळलं. कालवणात पाणी पडणार असलं तर नारळाचा पहिला दाट रसच घालावा लागतो.

"मग भाईजानांना सांगा ना."

"मी कसं सांगू?"

आणि मी तरी कशी सांगणार? त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सावरण्यापलीकडे माझं कधी काही झालं नव्हतं. पण निकाहच्या दिवशी कढत बिर्याणीसकट कडी सुटली तर उचलणाऱ्यांचे पाय जळतील, हे काही डोळ्यांपुढून जाईना.

भाभी मसाल्यातलं पाणी निथळवत होती. मी तिच्या कानाशी लागले. "भाभी, आता पाणी नको. माणूस बसवू या."

"कोण माणूस गो?"

मी नुसतं अंगणात पाहिलं. तिनेही पाहिलं. मसाला भिजल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

"अहो," तिने दारातून हाक मारली, "रॉड तुम्ही निवडता, तर देगेत तुम्हीच बसा. पाणी आता मिळायचं नाही. आणि वजनाला तुम्ही बिर्याणीपेक्षा कमी नाही!"

शेजारी हसले. भाईजानांनी देगेकडे पाहिलं, पडलेल्या कडीकडे पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात यांना म्हणाले, "काय रे, तुझा तो पंचवीस-बारा… तिऱ्हाईत असला तरी भरवशाचा आहे का?"

"आहे, भाईजान."

"मग बघतोस काय? लाव."

यांनी जुना वेल्ड घासून पार काढला आणि दोन्ही कड्या नव्याने लावल्या. त्या निवल्यावर भाईजान चपला काढून, बिस्मिल्ला म्हणून देगेत उकिडवे बसले. शेजाऱ्यांनी बांबू खांद्यावर घेतले. देग उठली. आणि तेवढ्यात फाटकातून मुलाकडची माणसं आत आली. ती संध्याकाळी यायची होती.

देग खाली ठेवायचं कोणाला सुचेना. भाईजानांनी अधांतरीच टोपी नीट केली आणि सलाम केला. "या, या. बसा."

मुलाचे वडील बसले नाहीत. ते देगेभोवती एक फेरी मारून आले.

"कड्या पक्क्या दिसतात," ते म्हणाले. "कोणी लावल्या?"

"धाकट्याने," भाईजान वरून म्हणाले. "रॉड मी निवडला."

"जी," हे मान खाली घालून म्हणाले. "भाईजानांनीच."

भाभीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी आत जाऊन ओव्हनमधले उरलेले रॉड बाहेर काढले आणि पाहुण्यांसाठी नानखटाई आत सरकवली.