मागचं पायडल

किल्लीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोपटी. आत तो बसला की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहूनच बोलायचं. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, समोर घासायचं यंत्र, हाताशी कानस आणि अंगावर कायम पितळेचा भुगा. चाळीस वर्षं त्याने लोकांची अडलेली दारं उघडून दिली. तोंडाचा फटकळ, कुलूप भिकार असेल तर भिकार आहे असं सरळ सांगायचा. खोटं बोलायला तो शिकला साठीनंतर, आणि तेही बायकोशी.

बायको शिवणकाम करायची. इस्पितळांचे कोट, शाळांचे गणवेश. काजं करावीत तर तिनेच. काचबिंदूने तिची नजर आधी कडांनी गेली आणि मग सगळीच. मशीन झाकून ठेवलं त्या दिवसानंतर तिने त्याला पुन्हा हात लावला नाही. मुलगी लांबच्या शहरातून फोनवर धीर द्यायची, आणि तो फोन ठेवेपर्यंत पुरायचा. बाहेर पडायचं ती नाव काढीना. तेव्हा किल्लीवाल्याने दोन जुन्या सायकली पैदा केल्या आणि वेल्डिंगवाल्याच्या मानगुटीवर बसून दोन्हींची एक करून घेतली. पुढे तो, मागे ती. दोघांची पायडलं एका चेनने बांधलेली. पुढचं फिरलं की मागचं फिरणार, पुढचं थांबलं की मागचंही थांबणार. पहिल्या दिवशी कालव्याकाठाने दोन मैल जाऊन आल्यावर ती म्हणाली की कितीतरी दिवसांनी मी कुठेतरी गेले.

मात्र तिने एक अट घातली होती. ज्या दिवशी भीती वाटेल त्या दिवशी मी उतरेन, मग पुन्हा बस म्हणायचं नाही. किल्लीवाला तिला चांगलाच ओळखून होता. झाकलेलं मशीन रोज त्याच्या डोळ्यांसमोर होतं. सबंध दिवसात तिचा म्हणावा असा सकाळचा तो एकच तास उरला होता, आणि काही झालं तरी तो जाऊ द्यायचा नाही असं त्याने मनाशी धरलं.

आता हा तास कुणाच्या हातात होता ते ऐका. कालव्याकाठच्या वाटेवर मधोमध पांढरी रेघ होती. एका बाजूने चालणाऱ्यांनी जायचं, दुसऱ्या बाजूने सायकलींनी. ती रेघ, ज्याने रंगवली त्याच्याखेरीज कोणी पाहिली असेल असं मला वाटत नाही. कोणी कानांत बोळे घालून चाललेलं, कोणी फोनमध्ये नाक खुपसून, कुठे चार मैत्रिणींची हातात हात घालून भिंत. पुलापाशी वाट रस्त्याला मिळायची, तिथे कडेच्या मोटारींची दारं मागे न बघता धाडकन उघडायची. घंटी वाजवावी तर माणूस नेमका सायकलीच्याच बाजूला उडी मारणार, आणि वर आपल्याकडेच डोळे वटारून बघणार. अशांना हात जोडावेत की त्यांचे कान उपटावेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी किल्लीवाल्याच्या आडवं यायचं. तो ब्रेक दाबायचा, हँडल वळवायचा, एखाद्याच्या बाहीला घासून निसटायचा. मागून ती विचारायची, काय झालं? खड्डा होता, तो सांगायचा. कधी दगड, कधी ओली पानं. वर पलीकडे बगळा उभा आहे, पाणी आज हिरवं दिसतंय, असं काहीबाही जोडून द्यायचा. तीन वर्षांत त्याने त्या गुळगुळीत वाटेवर इतके खड्डे पाडले की पालिकेला लाज वाटावी.

मग पानगळीतली ती सकाळ आली. वाटेच्या एका कडेला एक माणूस फोनवर बोलत उभा होता, दुसऱ्या कडेला त्याचं कुत्रं झुडूप हुंगत होतं, आणि दोघांच्या मधे वाटेवर आडवी ताणलेली बारीक दोरी. ती दिसली तेव्हा चार हातांवर होती. किल्लीवाल्याने ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, सायकल पाण्याच्या बाजूला कलली. त्याने कसाबसा एक पाय टेकला. गुडघा सोलवटला, पण दोघंही काठावरच राहिली. कुत्रं केकाटलं. त्या माणसाने चाकातून दोरी सोडवली, कुत्र्याला उचलून घेतलं आणि फोनवर म्हणाला, "काही नाही रे, एक सायकलवाला मध्ये आला." आणि चालू पडला.

"खड्डा होता," किल्लीवाला म्हणाला. सवयीने तोंडून गेलं.

"खड्डा केकाटला वाटतं," ती म्हणाली. "अहो, तीन वर्षं माझे पाय तुमच्या पायांना बांधलेत. तुमचा पाय अडखळला की माझा अडखळतो. एकूण एक वेळ मला कळलीय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर उतरावं लागलं असतं."

त्याचा एक पाय जमिनीवर होता, दुसरा अजून पायडलवरच.

"आजवर तुमचा पाय थांबायचा आणि पुन्हा चालू लागायचा," ती म्हणाली. "आज तो थरथरतोय. अजून थरथरतोय. माझी भीती मी गिळली असती हो. तुमची कशी गिळू?"

भीती वाटत नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण तिचा पाय त्याच चेनवर होता, आणि तिथे खोटं चालत नव्हतं. ती उतरली. दोन मैल सायकल ढकलत ती दोघं घरी आली, आणि बगळ्याचं नावही त्याने काढलं नाही.

सायकल घराच्या भिंतीला टेकून उभी राहिली. अट होती, त्यामुळे आग्रह करायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्याच्यातही आता तेवढा दम नव्हता. एकदा तो एकटाच पुलापर्यंत जाऊन आला. मागचं पायडल रिकामं फिरत राहिलं, आणि त्याला घरी येईपर्यंत रडू आवरेना. पुन्हा तो गेला नाही.

ती मात्र अजून त्याच वेळी उठते, बूट घालते, नाड्या घट्ट बांधते आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसते. एका सकाळी चहा ठेवताना त्याची नजर टेबलाखाली गेली. तिचे पाय जमिनीपासून जरासे उचललेले होते आणि हळूहळू गोल फिरत होते. तो बघत राहिला. बराच वेळ ते फिरले. मग मधेच गपकन थांबले, आणि तिने दोन्ही हातांनी खुर्चीची कड घट्ट धरली.

काय झालं, असं त्याने विचारलं नाही. तिथेही कोणीतरी मध्ये आलं होतं.