मामींच्या गाठीची सुपारी

मामींच्या पदराच्या गाठीत कायम एक अख्खी सुपारी असायची, आणि त्या स्वतः सुपारी कधी खात नसत. एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला आम्ही नंदुरबारला जायचो, तिथल्या दवाखान्याच्या बाकावर बसून मामी लग्नं जमवायच्या. आमच्यासारख्यांचीच. त्या कळसाडी गावच्या, विधवा, त्याच गोळ्या खाणाऱ्या. कोण विधुर, कोणाला सासरच्यांनी टाकलं, सगळं त्यांना तोंडपाठ. माझं दुसरं लग्नही त्यांनीच जुळवलं.

पण सुपारी फुटायची ती त्यांच्या अटीवर. दोघांनीही आधी गुप्तरोगाची तपासणी करून यायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या नवऱ्यापासूनची ती आग, ते फोड मी आईपासूनही लपवले होते. मामींनी माझा हात धरला.

"दुखनं दपाडीसन संसार व्हत नही, माय."

उपचार झाले, मग सुपारी फुटली. आहेरात त्यांनी मला ब्लाउजपीस दिला आणि त्याच्या घडीत निरोधची पाकिटं. दोघांना एकच आजार आहे म्हणून गाफील राहायचं नाही, असं बजावलं. पाहुण्यांसमोर ती घडी उलगडली गेली तेव्हा मी लाजेने लाल झाले आणि मामी खुशाल हसत होत्या.

माझा नवरा खांडबाऱ्याला शिवणकाम करतो. अबोल माणूस, गिऱ्हाइकाचं मापसुद्धा न बोलता घेणारा. लग्नाला वर्ष झालं आणि तो रात्री पाठ फिरवून झोपू लागला. पुढे कळलं, त्याने गोळ्याच सोडल्या होत्या. गोळ्यांनी पुरुषपण गेलं असं त्याच्या मनाने घेतलं होतं. डॉक्टरांना त्याने एकदा विचारलंही होतं. ते हसून म्हणाले होते, "जिवंत आहेस ना? आणखी काय पाहिजे?"

हे ऐकून मामी त्याला घेऊन तडक त्याच डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मी मागे होते. तो खाली मान घालून उभा राहिला. बोलल्या त्या मामी, आणि आवाज न चढवता.

"तुम्हीच याले जगाडं ना, साहेब? मंग जित्ता मानूसले जे लागस, ते याले बी लागस."

मग तपासणी झाली. निघाली रक्तातली साखर, आणि मनातली भीती. दोन्हींवर इलाज होता, आणि गोळ्याही पुन्हा सुरू झाल्या. एवढ्यासाठी माझा नवरा मरणाच्या वाटेला लागला होता, कारण एका शिकलेल्या माणसाला हसू आवरलं नाही. मला त्याचा राग अजून येतो.

त्याहून मोठा राग पुढचा आहे. मामींच्या अंगावरून रक्त जायला लागलं. लपवणारी बाई ती नव्हतीच, त्या पहिल्याच महिन्यात दवाखान्यात गेल्या. बायकांच्या विभागातून त्यांना गोळ्यांच्या खोलीकडे पाठवलं, तिथून परत बायकांच्या विभागाकडे. आत घेऊन तपासायला कोणी तयार होईना. एक नर्स तर त्यांच्यासमोरच म्हणाली, विधवा बाई, त्यात हा आजार, हिला आता खालची तपासणी कशाला? मामी भांडल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. अखेर धुळ्याला कोणीतरी तपासलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पसरलेला होता. वेळेवर पाहिलं असतं तर बरा झाला असता, असंही तिथे सांगितलं. हे ऐकवायला मात्र सगळ्यांना सवड होती.

मामींच्या दहाव्याला कळसाडीत पंगत बसली होती. मामींचा दीर वाढता वाढता कोणाला तरी सांगत होता की शेवटी त्या घाणेरड्या रोगानेच नेलं. माझ्या हातातला घास खाली आला. मी तोंड उघडणार तोच शेजारचा माणूस पानावरून उठून उभा राहिला. माझा नवरा. सगळी पंगत त्याच्याकडे बघू लागली.

"तो रोग माले बी शे," तो म्हणाला. "मामी त्यानाघाई नही गई. तिले कोनी तपासंच नही, म्हनीसन गई."