पिंजारीचाचांचा राहिलेला सवाल

घरातल्या गादीचे गोळे झाले होते. बायको वर्षभर म्हणून राह्यली होती, "जालन्याला मस्तगडात पिंजारी हाय, एकदा घेऊन जावा की." मी बरं म्हणायचो आणि जायचो न्हाई. तो पिंजारी कोण, हे मला माहीत होतं.

निजामाच्या अमलात केदारखेड्याच्या बाजूला आम्ही शिंदीची झाडं तोडायचो. शिंदीची दारू विकून सरकारी तिजोरी भरायची, म्हणून झाडंच आडवी करायची, असा आमचा सत्याग्रह. आवाज माझा. मी ओरडायचो, "कोणाचं चालणार?" सगळे म्हणायचे, "गावाचं." सगळ्यात मोठ्यानं आमचे पिंजारीचाचा. कुऱ्हाडी त्यांच्याच गाडीत, कापसाखाली असायच्या. एकदा नाक्यावरचा शिपाई कापसात काठी खुपसायला लागला. चाचा म्हणाले, "हुजूर, नवरीची गादी हाय. भोक पडलं तर सासू मला न्हाई, तुम्हाला शिव्या देईल." शिपाई हसला, गाडी सुटली.

मंग निजामाचं राज्य गेलं. चावडीवर हात वर करून पंच निवडायचे ठरले. पंच व्हायला मी उतावीळ झालो होतो. चाचा उठले.

"दादा, हात वर करायच्या आधी एक सवाल. तुम्ही पंच झाल्यावर आमच्या मोहल्ल्याचं गाऱ्हाणं ऐकताल ना?"

एका शब्दाचं उत्तर होतं. पण मागून कोणी तरी म्हणालं, "ह्यांचे आत्तापासूनच सवाल." लोक हसले. हो म्हटलं तर हे हात खालीच राहतील, असं वाटलं. चाचांकडं न बघता मी ओरडलो, "कोणाचं चालणार?"

"गावाचं."

पुन्हा ओरडलो. पुन्हा. चाचांची टोपी कोणी उडवली ते मी पाहिलं, तरी थांबलो न्हाई. मी पंच झालो. दिवाळीआधी त्यांची गाडी गावाबाहेर पडली, सामानावर कापूस पिंजायची धनुकली आडवी बांधलेली.

गेल्या आठवड्यात शेवटी गादी एसटीवर टाकून मस्तगडात नेली. चाचा थकलेत. त्यांनी गादी उसवली, म्हणाले, "परवा न्या." मी उठेना.

"चाचा, तो सवाल आता विचारा."

ते कापूस मोकळा करून राह्यले होते. "आता पंच कोण हाय तिथं?"

"दुसरे आहेत."

"मंग त्यांना इचारायला मी गावात पायजे ना, दादा."

परवा होऊन गेला. गादी तिथंच आहे. बायको रोज विचारते. मी सतरंजीवर कूस बदलत पडतो.