न वाचता बंद केलेली दुरुस्ती

आउलिस केत्तुनेन आणि उर्पो लेहतोवारा यांनी मिळून एक छोटं सॉफ्टवेअर पॅकेज लिहिलं होतं. वेळापत्रक वाचून पुढची बस किती वाजता ते स्टॉपवरच्या पाटीला सांगायचं, एवढंच त्याचं काम. आउलिस फिनलंडमधल्या ओउलूत राहायचा, उर्पो कुओपिओत. नोकरी सांभाळून, हौसेनं केलेलं हे काम अकरा गावं वापरत होती.

तारीख-वेळेच्या हिशेबासाठी ते दुसऱ्या कुणाच्या पॅकेजवर अवलंबून होतं. नवी आली तरी ती आपोआप घेतली जाऊ नये म्हणून आउलिसने त्याची जुनी आवृत्ती पक्की बांधून ठेवली होती.

"चालतंय ना? मग हात लावू नकोस," तो म्हणायचा.

"तू अजून आजोबांच्या स्की घालतोस, तुला काय सांगायचं," उर्पो हसायचा.

एका जानेवारीत उर्पोने न विचारता त्या तारखांच्या पॅकेजची नवी आवृत्ती घेतली. हा बदल लगेच घेतलेल्या दोन गावांतल्या पाट्या तासभर चुकल्या. उणे सत्तावीस अंशांत माणसं ताटकळली, एका म्हातारीची दोन बोटं थंडीने गेली. आउलिसने पॅकेजच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, 'अशा माणसाच्या हातात हे ठेवता येणार नाही,' जुनी आवृत्ती परत लावली आणि उर्पोचे बदल करण्याचे अधिकार काढून घेतले. आठवड्याने उर्पोने एक दुरुस्ती पाठवली. आउलिसने नाव पाहिलं आणि न उघडताच ती बंद केली.

तीन वर्षं बोलणं नाही. मग मार्चमध्ये उर्पोच्या बायकोचा, केर्त्तुचा फोन आला.

"उर्पो गेला रे. त्याची वेगळी प्रत दोन गावं वापरतात म्हणे, पत्रं येताहेत. मला त्यातलं काय कळतंय? येशील?"

केर्त्तुच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आउलिसने दोन्ही प्रतींच्या नोंदी शेजारी शेजारी लावल्या. तीन वर्षांतला त्याचा प्रत्येक बदल उर्पोने आपल्या प्रतीत घेतला होता, आउलिसचं नाव जसंच्या तसं ठेवून. फरक फक्त तारखांच्या पॅकेजच्या नव्या आवृत्तीचा आणि एका ओळीचा. ती ओळ आउलिसचीच होती, फार जुनी. हिवाळ्यात ती एक तास जास्त धरायची. जुन्या आवृत्तीत उलटी चूक होती म्हणून ते झाकलं जायचं. नवी आवृत्ती बरोबर होती, म्हणून ओळीतली चूक उघडी पडली. उर्पोची नोंद होती, 'तासाची चूक दुरुस्त.' कुणाची, ते लिहिलं नव्हतं.

"त्याला माहीत होतं?" आउलिसने हे सांगितल्यावर केर्त्तुने विचारलं.

"असणारच. ओळीवर माझं नाव आहे."

तिने कॉफी ओतली. "मला कधी बोलला नाही. पहिलं वर्षभर मात्र म्हणायचा, आउलिसचा फोन येईल."

तिथेच बसून आउलिसने उर्पोची तेव्हा बंद केलेली दुरुस्ती उघडली. तीत हीच ओळ सुधारलेली होती. त्याने ती तपासली, उर्पोच्या नावानिशी आत घेतली, तारखांची नवी आवृत्तीही लावली आणि आपल्या पॅकेजची नवी आवृत्ती जाहीर केली. पानावरच्या आपल्या त्या जुन्या मजकुराखाली लिहिलं, 'चूक माझी होती. उर्पोची नव्हती.'

आठवडाभरात सगळ्या गावांनी ती आवृत्ती घेतली. त्या मजकुराला उत्तर कुणीच दिलं नाही.

आता दर रविवारी तो केर्त्तुला फोन करतो. बर्फ किती पडला, लाकडं पुरताहेत का, असं काहीबाही बोलतात. उर्पोचा विषय तीच काढते. तो ऐकत राहतो.