उल्काकाकांची शेवटची वही

उल्काकाका बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. लखनौच्या कपूरथला बाजारात भाजी घेतानाही त्यांची नजर विक्रेत्याच्या डोक्यावरून वर. "बाबूजी, टमाटर नीचे हैं," तो हसून म्हणायचा.

वडील रसायनशास्त्रज्ञ, थोरले भाऊ पुण्यात भौतिकशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक. काका मात्र लखनौच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे आणि पहाटे उल्का बघायचे. "आमच्या घरात सगळ्यांनी काही ना काही शोधलं. मी आपला टिपून ठेवतो," असं म्हणताना त्यांना कमीपणा वाटत नसे, आम्हा नात्यातल्यांनाच वाटायचा.

नव्वदच्या दशकात मी हवाई दलाच्या नोकरीनिमित्त लखनौबाहेर, बख्शी का तालाबला होतो. काका राहत त्या महानगर मोहल्ल्यात रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड फार, म्हणून ते शनिवारी शेअरच्या टेम्पोने आमच्याकडे मुक्कामाला येत. एकटाच जीव. पहाटे आम्ही गच्चीवर जायचो. ते खाटेवर उताणे पडून "गेली!" म्हणत, दिशा आणि तेज सांगत, टॉर्चला लाल कागद लावून मी वहीत लिहीत असे. शंका आली तर लिहायचं नाही, हा त्यांचा नियम.

एका हिवाळ्यात उल्का एकदम वाढल्या. "गेली! अरे, ही बघ!" काका हरखून गेले. "इतक्या वर्षांत असा वर्षाव पाहिला नाही रे. दादाला कळवतो." भावाला सांगण्यासारखं काही त्यांच्या हाती पहिल्यांदाच लागलं होतं. पुढच्या शनिवारी मी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याबरोबर वर पाहू लागलो. "गेली!" ते म्हणाले. आभाळात काहीच हललं नव्हतं. तीनदा असं झालं. तिन्ही वेळा मी मुकाट्याने लिहिलं. त्यांचा आनंद माझ्याने मोडवेना.

महिन्याभरात त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे अंधार आला. डावा लहानपणापासूनच अधू. डॉक्टरांनी विचारलं, "ये चमक कब से दिख रही थी?" डोळ्याचा पडदा आतून सुटत चालला होता. चमकत होतं ते डोळ्यातच. "तभी आ जाते तो..." डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, नजर परत आली नाही.

थोरले भाऊ त्यांना पुण्याला न्यायला आले. निघायच्या सकाळी काकांनी मला वही उघडायला लावली.

"या हिवाळ्याची सगळी पानं खोडून टाक."

"सगळी? त्यात खऱ्याही असतील, काका."

"असतील. कुठल्या, ते आता कोण सांगणार?"

मी एकेक ओळ खोडत गेलो. शेवटच्या पानाशी राहवेना. "काका, यातल्या तीन मला दिसल्याच नव्हत्या. तरी लिहिल्या."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. "मग तेव्हाच मला सांगायचं नाही का रे?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. भाऊ ट्रंक घेऊन पुढे गेले. मी काकांचा हात धरून जिना उतरलो, प्रत्येक पायरी मोठ्याने सांगत.