सटवाईचा कागद

मिशनने माझ्या हाती दिलेली ही तिसरी मिससाहेब. पहिली दोन पावसाळे काढून आजारी पडली आणि मायदेशी गेली. दुसरीचं लग्न ठरलं. ही तिसरी पंचवीस वर्षांची, उंच, उन्हाने नाक सोललेली. मुनशीकडे वर्षभर मराठी शिकून आली होती आणि छापील पुस्तकासारखं बोलायची. तिला हिवाळाभर खेड्यांतून फिरवायचं, कुठे बसायचं, कुठल्या उंबऱ्याशी थांबायचं, कुणापुढे गप्प राहायचं ते शिकवायचं, हे माझं काम. मिशनच्या वहीत ती माझ्या वरची होती. वाटेवर मी तिच्या वरची होते, आणि हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मी मूळची नगरकडची. नवरा गेल्यावर मिशनने बायबलबाई म्हणून वऱ्हाडात पाठवलं, तेव्हा मलाही हा परमुलूखच वाटला होता. पण मालेगाव-मेडशीच्या वाटा बारा वर्षं तुडवल्यावर इथल्या बायकांचं रागावणं, हसणं मला घरच्यासारखं कळू लागलं होतं. निदान माझा तसा समज होता.

मिससाहेबाला दिलेला माझा पहिला धडा असा: गावात खोटं बोलायचं नाही. एक खोटं पकडलं गेलं की दहा वर्षांची मेहनत पाण्यात. तिने मान डोलावून तो वहीत उतरवून घेतला. ती सगळंच उतरवून घ्यायची.

त्या वर्षी मेडशीच्या अलीकडे एका गावाबाहेरच्या आमराईत आमची राहुटी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गावातली एक म्हातारी तडक राहुटीत शिरली आणि माझ्याकडे न बघता मिससाहेबापुढे उभी राहिली.

"मडम, तुह्यापाशी दवा हाय म्हन्तेत. माह्या सुनेचं लेकरू तीन दिसाचं हाय. बेंबीचा वास येऊन राह्यला. याच्या आधीचे दोन असेच गेले. एक नवव्या दिसी, एक बाराव्या दिसी. आता हेबी गेलं तं माह्या पोराची दुसरी सोयरीक करा म्हन्तेत सारे."

शेवटचं वाक्य ती हळू बोलली. सून तिच्या सख्ख्या भावाची मुलगी होती, हे मागाहून कळलं.

आम्ही गेलो. अंधाऱ्या खोलीत बाजेखाली शेगडी धुमसत होती. सुईणीने नाळेवर शेणाची राख दाबून भरली होती. मिससाहेबाने राख काढली तेव्हा खालची कातडी लाल होऊन सुजलेली दिसली. ती नर्सिंग शिकलेली होती. छापील मराठीत तिने म्हातारीला सांगितलं, "दिवसातून दोन वेळा, आठ दिवस, मी स्वतः धुवावयास येईन. एकही वेळ चुकता कामा नये." मग मला बाजूला घेऊन म्हणाली, विष आत चढलं तर मूल हाती लागणार नाही.

दोन दिवस सकाळ-संध्याकाळ आम्ही गेलो. पाणी उकळायचं, कापसाने पुसायचं, औषधाची भुकटी टाकायची. पाचव्या दिवशी संध्याकाळी गेलो तेव्हा सूज किंचित उतरली होती. त्या दिवशी घरात पाचवीची पूजा मांडलेली होती. मी म्हातारीबरोबर चुलीपाशी पाणी आणायला गेले. बाळंतिणीचा डोळा लागला होता. मिससाहेब बाळापाशी एकटीच होती, फार तर पाव तास.

परतताना मिससाहेब खुशीत होती. आमराई दिसू लागली तेव्हा म्हणाली, "मीही लिहिले."

"काय लिहिलं?"

"बाळाजवळ कागद होता, दौत होती, लेखणी होती. आमच्या देशात मूल जन्मले म्हणजे भेटावयास येणारे वहीत आशीर्वाद लिहितात. ही रीत इकडेही आहे हे पाहून मला फार आनंद झाला. मी पहिलीच होते."

मी वाटेतच थांबले. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. पूजेच्या पाट्याजवळ ठेवलेला कोरा कागद आणि बोरू तिच्यासाठी असतो. तो कागद या पोरीने वाण्याच्या यादीसारखा भरून टाकला होता! आणि दोष माझाच होता. ताटात काय टाकू नये इथपासून ओसरीवर कुठे टेकू नये इथपर्यंत सगळं मी तिला शिकवलं, पण पाचवी शिकवली नाही. शिकवली नाही कारण पारावरच्या उपदेशाखेरीज त्या गोष्टीचं नावही मी तोंडी येऊ देत नसे.

परत जाऊन उपयोग नव्हता. दिवेलागण झाली की त्या खोलीचं दार लागतं आणि सकाळीच उघडतं. मी मिससाहेबाला सगळं समजावलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"उद्या सगळ्यांच्या आधी पोचायचं," मी म्हटलं. "तुमच्या वहीतलं एक पान फाडून द्या. मी कागद बदलते. तुम्ही तोंड उघडायचं नाही. या घराचं दार आपल्याला बंद झालं तर मूल जाईल, एवढं ध्यानात ठेवा."

तिने पान फाडून दिलं. मला वाटलं, पटलं.

सकाळी उजाडताच आम्ही दारात, मिससाहेबाच्या हातात राहुटीतूनच उकळून आणलेलं पाणी. म्हातारी नुकतीच खोली उघडत होती. "या," म्हणाली आणि बाळाला उचलायला वळली. पाट्याजवळ कागद तसाच होता, निळ्या शाईच्या दोन ओळींसह. मी पदराखालून कोरं पान काढलं, खाली वाकले, कागदाला हात लावला.

"आजी," मागून मिससाहेब म्हणाली, "त्या कागदावर काल मी लिहिले. मला ठाऊक नव्हते. चूक माझी आहे."

त्या क्षणी मी तिच्या थोबाडीत मारली असती. अजूनही आठवलं की हात शिवशिवतो. म्हातारीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कोऱ्या पानाकडे. त्या पानाकडे ती जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मी मान खाली घातली.

तिने बाळ सुनेच्या कुशीत ठेवलं आणि बाजेच्या आड उभी राहिली, आम्हाला पलीकडे जाता येणार नाही अशी.

"काय लिवलं? वाच."

मी वाचलं. "देव या बाळाला सांभाळो. मोठा हो, भला हो."

"बस? उमर?"

"उमर नाही लिहिली."

"मंग थे कोन लिवनार?" तिचा आवाज चढला. "थे राती आली असन, भरला कागद पाह्यला असन, आन् तशीच वापस गेली असन. माह्या नातवाची उमरच नाई लिवली कोनं! दोघाईची लिवली तं नऊ दिस आन् बारा दिस लिवली. याची तं तेवढीबी नाई."

बाजेवर सून हुंदके देऊ लागली. बाळ रडत होतं, पण कालच्यापेक्षा बारीक आवाजात. मिससाहेबाने गरम पाण्याचं भांडं दोन्ही हातांत धरलं होतं आणि पाणी निवत चाललं होतं.

म्हातारीने कागद आणि बोरू मिससाहेबापुढे धरला. "तुनं सुरू केलं, आता तूच पुरं कर. उमर लिव."

मिससाहेबाने मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. "आजी, आयुष्य देव देतो. मी लिहू शकत नाही. ते खोटे होईल."

"मंग निंघा. या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवू नोका."

बारा वर्षं मी पारापारांवर उभं राहून सांगत आले होते की सटवाई म्हणजे भोळ्या बायकांची भीती, कपाळावर कुणी काही लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या घरातही सांगितलं होतं. आम्ही नवे ख्रिस्ती झालो तेव्हा माझा पहिला मुलगा जन्मला. सासूने पाचवीला चोरून कागद ठेवला. मी बाजेवरून उठून तो चुलीत टाकला. एकविसाव्या दिवशी मूल तापाने गेलं. त्या कागदाचा आणि तापाचा काही संबंध नव्हता हे मला तेव्हा ठाऊक होतं आणि आजही आहे. तरी सासू मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि मीही तिला कधी दोष देऊ शकले नाही.

मी म्हातारीच्या हातून बोरू घेतला.

"बाई!" मिससाहेब म्हणाली.

"तुम्ही पाणी गरम करून आणा," मी म्हटलं.

दौतीतली शाई वाळत आली होती. तिच्यात थेंबभर पाणी टाकलं आणि मिससाहेबाच्या ओळींखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: ऐंशी वर्षे.

"किती लिवले?"

"ऐंशी."

म्हातारीने विचार केला. "शंभर नाई?"

"शंभर वर्षांच्या बुढ्याला पोसणार कोण?"

"हे बी खरं हाय," ती म्हणाली. तिने कागद घडी करून उशीखाली सारला आणि बाजेपासून बाजूला झाली. "धू मडम. लवकर धू."

मिससाहेबाने बेंबी धुतली. तिचा हात स्थिर होता, पण माझ्याकडे ती एकदाही पाहत नव्हती. पुढे आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली आणि मीही तिला समजवायला गेले नाही. सूज रोज थोडी उतरत गेली. नववा दिवस गेला. बाराव्या दिवशी नाळ कोरडी होऊन पडली आणि म्हातारीने अख्ख्या गल्लीत ते ओरडून सांगितलं.

त्या बाराव्या दिवशी मिससाहेब हात धुवायला बाहेर गेली होती. सुनेने मला जवळ बोलावलं. इतक्या दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"बाई, माह्या आंधीच्या दोघाईच्या वक्ताले तुमी काहून नाई आल्या?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, की आमची राहुटी तेव्हा दुसरीकडे होती. पण ते खरं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात मी याच गल्लीतून गेले होते. पारावर दोन तास सटवाई खोटी आहे हे गळा सुकेपर्यंत सांगितलं होतं. तिथून उठल्यावर या दाराला लटकलेला कडुलिंबाचा डहाळा पाहिला, बाळंतिणीचं घर आहे हे ओळखलं, आणि विटाळाच्या घरात आपलं कोण ऐकणार म्हणून पुढच्या घरी गेले.

"आले होते, बाई," मी तिला सांगितलं. "दारापर्यंत आले होते."